सलाम करावा की टाळावा? एका तरुणाच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न विचारणारा तरुण वर्षभरापूर्वी नोकरीला लागला आहे. त्याच्या अडचणी थोडक्यात अशा. सकाळी कामाच्या खोलीत शिरताना सात-आठ माणसे बसलेली असतात आणि त्यांत मुस्लिम दोघे-तिघेच असतात. अशा वेळी मोठ्याने सलाम करावा का? एक वडीलधारे सहकारी सलामाला नुसती मान हलवतात. ते उत्तर झाले असे समजायचे का? अन्य धर्माचा एक मित्र आपणहून ‘अस्सलामु अलैकुम’ (तुमच्यावर शांती असो) म्हणतो, त्याला काय म्हणावे? कोणी जेवत, कुरआन वाचत किंवा नमाज पढत असेल तर काय करावे? मोबाइलवर दोन-तीन अक्षरांत उरकलेल्या सलामाचे काय करायचे? आणि शेवटी त्याने लिहिले आहे, ‘प्रत्येक जण वेगळे सांगतो, त्यामुळे चूक होईल या भीतीने मी हल्ली खाली मान घालून निघून जातो.’

माझ्या मते खरा प्रश्न या शेवटच्या वाक्यात आहे. मी पंचवीस वर्षे मशिदीत इमामत करतो, म्हणजे नमाज पढवतो, आणि मुलांना व प्रौढांना दीनी शिक्षण देतो. सलामाचे नियम ठाऊक नाहीत म्हणून अडलेली माणसे या काळात मला फारशी भेटली नाहीत. नियम सुटे सुटे ऐकून धास्तावलेली मात्र पुष्कळ भेटली. एकाने सांगितले की जेवताना सलाम करू नये, दुसऱ्याने सांगितले की हात उचलू नये, तिसऱ्याने उच्चारावरून टोकले, आणि मग माणूस तोंड मिटून घेतो. म्हणून तुमच्या एकेका शंकेकडे वळण्यापूर्वी या सगळ्या नियमांच्या मागे जो विचार आहे तो मांडतो, कारण तो ध्यानात आला की बरेच नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

बहुतेक फिकहकारांच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या अभ्यासकांच्या, मते सलाम करणे सुन्नत (प्रेषितांची अनुकरणीय रीत) आहे आणि त्याचे उत्तर देणे वाजिब (बंधनकारक) आहे. म्हणजे सलाम करणारा आपल्या खुशीने करतो, पण त्याच्या तोंडून शब्द निघताच समोरच्यावर एक देणे चढते. कुरआनात सूरह (अध्याय) निसाच्या 86 व्या आयतीत (वचनात) आज्ञा आहे की तुम्हाला अभिवादन केले गेले तर त्याहून चांगल्या शब्दांत उत्तर द्या, किंवा निदान तेच परत करा. आणि अल्लाह प्रत्येक गोष्टीचा हिशेब घेणारा आहे असेही तिथे लगेच म्हटले आहे. उत्तराला हिशेबाशी जोडले गेल्यामुळे सलाम करणाऱ्यावर आपोआप एक जबाबदारी येते: समोरचा माणूस या क्षणी हे देणे फेडू शकतो का, हे त्याने आधी पाहावे. शिष्टाचार म्हणून जे जे सांगितले जाते, त्यातला मोठा भाग या एका विचारातून निघतो.

आधी कोणी करावा, हेही याच्याशी जुळते. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस, म्हणजे प्रेषितांच्या वचनाची किंवा आचरणाची नोंद, आहे की वाहनावर बसलेल्याने चालणाऱ्याला, चालणाऱ्याने बसलेल्याला आणि थोड्या लोकांनी जास्त लोकांना सलाम करावा. बुखारीच्या एका कथनात लहानाने मोठ्याला असेही आहे. नीट पाहिले तर पहिल्या दोन जोड्यांत सुरुवात करण्याचे काम वरच्या जागेवर असलेल्याला किंवा येणाऱ्याला दिलेले आहे. स्वार वरून येतो, त्याच्या मनात अहंकार येऊ शकतो. बसलेल्या माणसाला येणाऱ्याची धास्ती वाटू शकते. येणारा ‘तुमच्यावर शांती असो’ म्हणतो तेव्हा ‘माझ्यापासून तुम्हाला भय नाही’ असेही तो सांगत असतो. या हिशेबाने खोलीत शिरणारे तुम्ही आहात, तेव्हा सुरुवात तुमची. पण या क्रमाचा कोणी हट्ट धरू नये. प्रेषित मुहम्मद (स.) खेळणाऱ्या मुलांजवळून जाताना स्वतः त्यांना सलाम करीत, असे त्यांचे सहाबी (सोबती) हजरत अनस (रजि.) यांनी सांगितले आहे, आणि अनस स्वतःही मुलांना सलाम करीत. ‘तो माझ्याहून लहान आहे, त्याने आधी करायला हवा’ म्हणून वाट पाहत बसणाऱ्याने हा नियम उलटा धरला आहे, असे मी वर्गात स्पष्ट सांगतो.

आता शब्दांविषयी. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे की एक माणूस आला आणि ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणाला, तेव्हा प्रेषितांनी त्याला उत्तर दिले आणि तो बसल्यावर म्हणाले, ‘दहा’. दुसऱ्याने ‘व रहमतुल्लाह’ (आणि अल्लाहची कृपा) जोडले, तेव्हा म्हणाले, ‘वीस’. तिसऱ्याने ‘व बरकातुहू’ (आणि त्याची बरकत) पर्यंत म्हटले, तेव्हा म्हणाले, ‘तीस’. हे पुण्याचे मोजमाप होते. ‘बरकातुहू’च्या पुढे आणखी शब्द जोडू नयेत, सलाम तिथे पूर्ण होतो, असे सहाबी हजरत इब्न अब्बास (रजि.) यांनी म्हटल्याचे मुवत्ता या हदीससंग्रहात नोंदले आहे. याचा सोयीचा अर्थ असा की सलाम करणाऱ्याने थोडे कमी म्हटले तर उत्तर देणाऱ्याला वाढवण्यास जागा उरते. हजरत आदम (अलै.) यांनी फरिश्त्यांना (देवदूतांना) ‘अस्सलामु अलैकुम’ म्हटले आणि फरिश्त्यांनी उत्तरात ‘व रहमतुल्लाह’ वाढवले, असे हदीसमध्ये आहे. अरबी व्याकरणाची गोडी असलेल्यांसाठी आणखी एक बारकावा सांगतो. कुरआनात प्रेषित इब्राहीम (अलै.) यांच्याकडे आलेले पाहुणे ‘सलामन’ म्हणाले आणि त्यांनी उत्तर दिले ‘सलामुन’. पहिल्या रूपात क्रियापद गृहीत आहे, म्हणजे आम्ही सलाम करतो. दुसऱ्यात स्थायी भाव आहे, म्हणजे शांती तुमच्यावर आहेच. भाष्यकार म्हणतात की एका स्वराच्या फरकाने यजमानाने पाहुण्यांहून चांगले उत्तर दिले. मी दरवर्षी हे शिकवतो आणि दरवर्षी मला ते नव्याने आवडते.

उच्चार मात्र खरोखर जपावा, कारण घाईत ‘सलाम’ मधला ‘ल’ गिळला जातो आणि ‘सामालेकुम’ उरते. अरबीत ‘साम’ म्हणजे मृत्यू. लहान मुलांना मी बोटावर मोजून म्हणायला लावतो: अस्, स, ला, मु, ‘ला’ वर बोट थोडे जास्त थांबायचे. आठवडाभरात जीभ वळते. पण दुसऱ्याचा उच्चार सुधारण्याची घाई करू नये, हे मी स्वतः चूक करून शिकलो. इमामतीच्या सुरुवातीच्या दिवसांत एका वृद्ध नमाजी माणसाला मी दारातच, चार लोकांसमोर, हा ‘साम’चा अर्थ समजावून सांगितला. त्यानंतर ते दुसऱ्या दाराने येऊ लागले. मला ते कळायला दोन महिने लागले. मग मी त्या दाराशी जाऊन उभा राहिलो आणि आधी सलाम केला. त्यांनी उत्तर दिले, तेही आपल्या जुन्याच उच्चारात, आणि मी ते तसेच स्वीकारले. त्यांच्या मनातला अर्थ शांतीचाच होता याविषयी मला तेव्हाही शंका नव्हती, आणि तरी मी बोललो होतो.

तुमच्या वडीलधाऱ्या सहकाऱ्यांकडे येतो. वाजिब उत्तर म्हणजे सलाम करणाऱ्याला ऐकू जाईल असे, तोंडाने आणि लगेच दिलेले उत्तर. बोलता येत असताना नुसती मान हलवल्याने ते फिटत नाही, हे खरे. हाताने इशारा करण्याबाबतही हेच तत्त्व आहे: प्रेषितांनी मशिदीतील स्त्रियांच्या घोळक्याला हात उंचावून सलाम केल्याचे तिर्मिजीत आहे, आणि हदीसचे भाष्यकार इमाम नववी यांच्या मते त्यात इशारा आणि शब्द दोन्ही होते असे समजावे. दूरच्या माणसाला किंवा ज्याला ऐकू येत नाही त्याला हात जरूर उंचवावा, पण शब्दही म्हणावेत. आमच्याकडे कानाने पूर्ण अधू असलेले एक गृहस्थ आहेत. मी त्यांच्यासमोर जाऊन, त्यांना माझे ओठ दिसतील असा उभा राहतो, हात उचलतो आणि पूर्ण वाक्य म्हणतो. ते ओठ वाचतात आणि खोलीभर घुमेल एवढ्या मोठ्याने उत्तर देतात.

मात्र त्या सहकाऱ्यांचे देणे फिटले की नाही, हा हिशेब तुमच्या वहीत लिहायचा नाही. तुमचे काम सलाम करण्यापुरते होते आणि ते झाले. कदाचित ते पुटपुटत असतील आणि तुम्हाला ऐकू येत नसेल. कदाचित तुम्ही पोहोचता तेव्हा ते फोनवर बोलत असतील. खोलीत आणखी एखाद्या मुस्लिमाने तुमच्या सलामाला उत्तर दिले असेल तर बसलेल्या सगळ्यांच्या वतीने ते पुरते. अबू दाऊदमध्ये हजरत अली (रजि.) यांचे कथन आहे की समूहातून एकाने सलाम केला तरी पुरे आणि बसलेल्यांपैकी एकाने उत्तर दिले तरी पुरे. प्रत्येकाला वेगळा सलाम आणि प्रत्येकाकडून वेगळे उत्तर, अशी अपेक्षा कोठेच नाही.

कोणी जेवत असेल, वाचत असेल किंवा नमाजात असेल तर काय, या शंकेत परिस्थितीनुसार आणि मजहबनुसार (धर्मशास्त्राच्या परंपरेनुसार) फरक पडतो, हे आधीच मान्य करतो. निर्विवाद भाग असा: शौचाला किंवा लघवीला बसलेल्याला सलाम करू नये. प्रेषितांना अशा वेळी एकाने सलाम केला तेव्हा त्यांनी उत्तर दिले नाही, हे सहीह मुस्लिममध्ये आहे. अबू दाऊदच्या एका कथनात त्यांनी वुजू (नमाजाआधी तोंड-हातपाय धुणे) केल्यावर कारण सांगितले की शुद्ध नसताना अल्लाहचे नाव घेणे मला बरे वाटले नाही. ‘सलाम’ हे अल्लाहच्या नावांपैकी एक आहे, सूरह हश्रमध्ये ते आले आहे. झोपलेल्यांच्या जवळ आवाज मोजून करावा. हजरत मिकदाद (रजि.) सांगतात की प्रेषित रात्री येत तेव्हा अशा आवाजात सलाम करीत की जागा असलेल्याला ऐकू जाई आणि झोपलेला जागा होत नसे. शिष्टाचार म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी हे एक उदाहरण सांगेन.

नमाज पढणाऱ्याबद्दल मतभेद आहे. सुरुवातीच्या काळात नमाजात सलामाला उत्तर दिले जाई; हबशाहून (अबिसिनियाहून) परतलेल्या हजरत इब्न मसऊद (रजि.) यांनी सलाम केला तेव्हा उत्तर आले नाही, आणि नंतर त्यांना सांगितले गेले की नमाजात माणूस गुंतलेला असतो. तोंडाने उत्तर दिल्यास नमाज मोडते, यावर चारही मजहब सहमत आहेत. इशाऱ्याने उत्तर देण्यास शाफई परवानगी देतात आणि हनफी ते नापसंत करतात. हा मतभेद तुम्ही सोडवायचा नाही. नमाज संपेपर्यंत थांबलात तर तो उद्भवतच नाही. शुक्रवारच्या खुतब्याच्या (प्रवचनाच्या) वेळीही गप्प येऊन बसावे. कुरआन वाचणाऱ्याबाबत काही विद्वान सलाम न करणे पसंत करतात, तर काही म्हणतात की केला तर त्याने वाचन थांबवून उत्तर द्यावे. मी स्वतः वाचणाऱ्याकडे पाहतो: तो आयतीच्या शेवटी थांबून वर पाहत असेल तर करतो, मान खाली घालून डोलत असेल तर करत नाही.

जेवणाचा नियम मात्र गैरसमजाने फुगला आहे. जेवणाऱ्याला सलाम करायला सरसकट मनाई नाही. तोंडात घास असलेल्या माणसाला उत्तर देणे जड जाते, एवढाच त्यामागचा विचार आहे; घास गिळून झाला की अडचण संपली. इथपर्यंतचे सगळे ‘त्याला हे देणे आत्ता फेडता येईल का’ या एका प्रश्नाने तुम्हाला स्वतःला ठरवता आले असते.

आता अन्य धर्मीयांचा प्रश्न, ज्यात लोक सर्वांत जास्त गोंधळतात आणि ज्यात विद्वानांचे खरे मतभेद आहेत. मदिनेत काही लोक जीभ वळवून ‘अस्सामु अलैकुम’, म्हणजे तुम्हाला मरण येवो, असे म्हणत. प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा (रजि.) यांनी ते ओळखले आणि संतापून तिखट उत्तर दिले. प्रेषितांनी त्यांना थांबवले: आयेशा, अल्लाहला प्रत्येक बाबतीत सौम्यता आवडते, आणि मी ‘व अलैकुम’ म्हणालो की, म्हणजे तुमच्यावरही. ‘ग्रंथधारकांनी (यहुदी व ख्रिस्ती लोकांनी) सलाम केल्यास व अलैकुम म्हणा’ हा नियम या प्रसंगाशी जोडलेला आहे. त्यांना आपण आधी सलाम करू नये अशीही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे, आणि अनेक विद्वान ती सर्वसाधारण मानतात. दुसऱ्या एका कथनात तो आदेश ‘उद्या मी त्यांच्याकडे स्वारीला निघणार आहे’ या शब्दांसह आला असल्यामुळे काही विद्वान तो युद्धाच्या परिस्थितीपुरता समजतात.

तुमच्या मित्राचे प्रकरण त्यामानाने सोपे आहे, कारण सुरुवात तो करतो, त्याचे शब्द स्वच्छ ऐकू येतात आणि त्यात कपट नाही. इब्न अब्बास (रजि.) यांचे मत होते की सलाम करणारा यहुदी, ख्रिस्ती किंवा मजूसी (अग्निपूजक) असला तरी त्याला उत्तर द्या, आणि यासाठी त्यांनी सूरह निसाच्या त्याच आयतीचा आधार घेतला. धर्मशास्त्री इब्न अल-कय्यिम यांनीही लिहिले आहे की समोरच्याने ‘सलाम’च म्हटले याची खात्री असेल तर न्यायाच्या दृष्टीने ‘व अलैकस्सलाम’, म्हणजे तुझ्यावरही शांती, असे म्हणावे. मी याच मताप्रमाणे वागतो आणि विद्यार्थ्यांनाही हेच सांगतो. ‘व अलैकुम’ एवढ्यावर थांबणारे विद्वानही आहेत आणि त्यांचा आधार हदीसचा आहे, हे सांगायला मी विसरत नाही. आपणहून सुरुवात करायची असेल आणि मनात शंका असेल, तर दुसरे कोणतेही चांगले अभिवादन करा, ख्यालीखुशाली विचारा. त्याला बहुतेकांची हरकत नाही, आणि काहीच न बोलता पुढे जाण्यापेक्षा ते केव्हाही चांगले.

आणि मिश्र खोलीचे काय? बुखारीत हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांचे कथन आहे की प्रेषित गाढवावर बसून एका आजारी सहाबींच्या भेटीला निघाले असताना वाटेत एक बैठक लागली, तिच्यात मुस्लिम, मूर्तिपूजक आणि यहुदी एकत्र बसले होते, आणि त्यांनी त्या बैठकीला सलाम केला. तुमच्या सात-आठ जणांच्या खोलीचे उत्तर यात आहे. दारात सर्वांना ऐकू जाईल असा एक सलाम करा, आणि बाकीच्यांना त्यांच्या ओळखीचे अभिवादन नंतर करा. सलाम ओळखीच्यांपुरता ठेवू नये हेही लक्षात असू द्या. ‘कोणता इस्लाम उत्तम’ या प्रश्नाला प्रेषितांनी उत्तर दिले होते की अन्न खाऊ घालणे, आणि ज्याला ओळखता व ज्याला ओळखत नाही त्या दोघांनाही सलाम करणे.

हस्तांदोलनाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण सलामाबरोबर ते येतेच, म्हणून दोनच वाक्ये. मुसाफहा (हस्तांदोलन) सुन्नत आहे, तो एका हाताने की दोन हातांनी यावर वाद घालण्यात अर्थ नाही, आणि सलाम करताना वाकू नये. परक्या स्त्री-पुरुषांनी हात मिळवू नये असेच बहुसंख्य विद्वान मानतात, तेव्हा अशा वेळी शब्दांवर थांबावे आणि समोरून हात पुढे आलाच तर सौम्यपणे दोन शब्दांत सांगावे.

मोबाइलवरच्या सलामाला पत्रातल्या सलामाचा नियम लावावा. इमाम नववी यांनी नमूद केले आहे की पत्रातून पोहोचलेल्या सलामाला उत्तर देणे वाजिब आहे; हनफी फिकहकारांच्या मते ते तोंडाने किंवा लिहून, कसेही चालते. म्हणून मी संदेश वाचताक्षणी तोंडाने उत्तर म्हणतो आणि लिहायला सवड झाली की लिहितो. शेकडो जणांच्या गटात एकाने लिहिले तरी पुरते. नुसती आद्याक्षरे लिहिणे मला आवडत नाही, कारण दुआ म्हणून त्यातून काहीच वाचले जात नाही. पण लिहिणाऱ्याचा हेतू सलामाचाच असतो, तेव्हा त्याला टोकण्याऐवजी आपण उत्तर पूर्ण लिहावे, बहुतेक वेळा पुढच्या खेपेला त्याचाही सलाम लांबतो. कोणी ‘अमक्याला माझा सलाम सांगा’ म्हटले आणि तुम्ही हो म्हणालात तर ती अमानत, म्हणजे सोपवलेली ठेव, झाली. फरिश्ते जिब्रील (अलै.) यांचा सलाम प्रेषितांनी हजरत आयेशांना पोहोचवला, तेव्हा त्यांनी ‘व अलैहिस्सलाम व रहमतुल्लाहि व बरकातुहू’ असे पूर्ण उत्तर दिले होते.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात कोठेच आली नाही, आणि माझ्या अनुभवात तीच सर्वांत जास्त राहून जाते: निघतानाचा सलाम. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे की बैठकीत आल्यावर सलाम करावा आणि उठून जातानाही करावा, कारण पहिला सलाम दुसऱ्याहून जास्त हक्काचा नाही. सकाळच्या गर्दीत दारातून एकदम सात-आठ जणांसमोर बोलणे तुम्हाला अजून जड जात असेल, तर सुरुवात संध्याकाळपासून करा. ते वडीलधारे सहकारी तेव्हा फोनवर नसतात, टेबल आवरून उठण्याच्या बेतात असतात. त्यांच्या जवळून जाताना क्षणभर थांबून, त्यांच्याकडे पाहून पूर्ण सलाम करा, आणि उत्तर द्यायला त्यांना एका श्वासाची सवड द्या.